कलाबाईची काच

...तर ती कपबशी कलाबाईने खिडकीतून उचलली आणि सरळ माझ्या टेबलावर आणून आपटली. आपटली म्हणजे फुटेल अशी नाही. काच कशी हाताळावी हे त्या बाईइतकं आमच्या कॉलेजात कुणालाच कळत नव्हतं. काल इथवर आलो आणि जेवायची हाक आली. गोष्ट अर्धवट राहिली की गार होते, म्हणून आज जरा मागून गरम करत आणतो.

साल बहात्तरचं. नगरच्या एका कॉलेजात जंतुशास्त्राचा नवा विभाग निघाला होता आणि मी तिथे स्टोअर सांभाळायला. मी बेलापूरचा, शिक्षण गावच्या शाळेत सातवीपर्यंत. जंतू म्हणजे काय, तर नारूचे असतात ते, एवढंच ज्ञान. कलाबाई काचसामान धुवायला. राहायची भिंगारला, बौद्ध वस्तीत, रोज चालत यायची. नवरा उत्तमराव लष्कराच्या भटारखान्यात होता, पण कमरेत दुखणं भरलं आणि तो घरी बसला. त्या आधी चार महिने तिने कर्जतच्या रस्त्याला दुष्काळी कामावर खडी फोडलेली. मुलाखतीला आली तेव्हा आमचे विभागप्रमुख निमसे सर म्हणाले, “बाई, हे काचेचं काम आहे. नाजूक. तुम्हाला जमेल का?”

तर ही म्हणते, “साहेब, मी दगड फोडलाय. न फोडायला त्याहून काय जड हाय?”

सर हसले आणि ठेवून घेतलं. तात्पुरती. पुढच्या जूनमध्ये कामाचा शेरा चांगला असला तर कायम, नाहीतर परत खडी. हे लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट ह्या जूनवर उभी आहे.

आता तो कप. आम्हा सगळ्यांचे पाच कप कपाटात असायचे आणि कलाबाईचा, कान तुटलेला, खिडकीत. कुणी ठरवलं होतं? कुणीच नाही, असं सगळे म्हणत. खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी तो खिडकीत मीच ठेवला होता. आता ह्या वयात लपवून काय करू?

तिने कप टेबलावर ठेवला आणि विचारलं, “सहादेवभाऊ, ह्या हितली समदी काच कोन धुतं?”

“तुम्हीच की, कलाबाई.”

“आन् तुमचे ते पाच कप?”

“ते पण तुम्हीच.”

“म्हंजे माझ्या हाताचं पानी पाची कपांना लागतंय. मंग माझाच कप खिडकीत ऊन खात का बसलाय?”

मी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. ती कपाटाकडे गेली, दार उघडलं आणि आपला कप पाचांच्या मधोमध ठेवला. “ज्याला चालत नसंल त्यानं आपला कप खिडकीत ठिवावा. जागा मोकळी हाय.”

खिडकीत एकही कप गेला नाही. निमसे सरांनी मात्र आठ दिवस चहाच सोडला. नवव्या दिवशी डोकं धरलं आणि प्यायला लागले.

अशी ती. बारीक अंगाची, आवाज खालचा, पण एकदा म्हणाली की म्हणाली.

तिची कामाची रीतही तिचीच होती. आमच्याकडे घरोघर दुधाची भांडी वेगळी असतात, हे तुम्हाला सांगायला नको. दुधाची चरवी वेगळी घासायची, वेगळ्या पाण्याने खंगाळायची, उन्हात पालथी घालायची. आमटीच्या पातेल्यात कुणी दूध तापवलं तर घरात भांडण होतं. कलाबाईने प्रयोगशाळेतही तोच कायदा लावला. वाकचौरे सर, म्हणजे आमच्याकडचे तरुण प्राध्यापक, अकोल्याकडचे, काही काचेच्या चंबूंमध्ये जंतूंना दुधातली साखर घालून वाढवत. लॅक्टोज म्हणतात तिला. बाईला कळलं की ही दुधातली साखर आहे, झालं. त्या चंबूंच्या गळ्याला तिने लाल दोरा बांधला आणि त्यांची फळीच वेगळी केली. ते धुवायची घंगाळीसुद्धा वेगळी. लाल दोऱ्याचा चंबू साध्या फळीवर कधी गेला नाही आणि साधा तिकडे कधी आला नाही. वाकचौरे सरांना ह्यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना हात पुढे केला की चंबू मिळायचा, एवढंच.

आणि पाण्याचं म्हणाल तर त्या साली नगरला पाण्याचे हाल. कॉलेजच्या टाकीला दिवसाआड पाणी. ही बाई प्रत्येक चंबू सात वेळा खंगाळायची. वाटीत ज्वारीचे सात दाणे, एक पाणी झालं की एक दाणा दुसऱ्या वाटीत. खंगाळलेलं पाणी बादलीत धरायचं आणि त्याच पाण्याने फरशी पुसायची. मी एकदा म्हणालो, “पाचाला थांबा की, कोण बघतंय?” तर म्हणाली, “दाने बघत्यात.”

आता वाकचौरे सर ते काय करत होते हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. घाबरू नका, मला कळलं म्हणजे कुणालाही कळेल.

दुपारी चहाला सर आमच्यात येऊन बसत. बोलायची हौस फार. त्यांनी सांगितलं की जंतूच्या पोटात एक लांबच्या लांब धागा असतो, डीएनए नावाचा. जंतूने काय काय बनवायचं ते सगळं त्यावर लिहिलेलं. मूळ दप्तर जागचं हलत नाही. त्याची नक्कल निघते, तिला आरएनए म्हणतात, आणि त्या नकलेबरहुकूम माल तयार होतो. आपल्या तलाठ्याकडे असतं तसंच. दुधातली साखर पचवायचा रस कसा करायचा हेही त्या धाग्यावर लिहिलेलं आहे. पण साखर नसताना रस बनवून काय उपयोग? फुकटचा खर्च. म्हणून त्या लिखाणाच्या तोंडाशी एक छोटीशी जागा आहे आणि तिथे एक प्रथिन येऊन घट्ट चिकटून बसतं. दुसरीकडे कुठे नाही, नेमकं तिथेच. त्या जागेची अक्षरं त्याला ओळखीची. ते बसलं की नक्कल काढणाऱ्याला पुढे सरकताच येत नाही.

“आणि साखर आली की?” मी विचारलं.

“साखर येऊन त्या प्रथिनालाच चिकटते. चिकटली की त्याचा आकार जरा बदलतो, पकड सुटते, ते उठून जातं. वाट मोकळी. नक्कल निघते, रस तयार होतो. साखर संपली की परत येऊन बसतं. एका जंतूत अशी दहा-वीसच प्रथिनं असतात म्हणे. ते हाती लागलं त्याला सहा-सात वर्षं झाली. ती बसायची जागा नेमकी किती अक्षरांची, हे परदेशात अजून मोजतायत.”

माझा चेहरा फुलला. “अहो सर, हा तर आमच्या बेलापूरचा पाटकरी! पाटाला पाणी असतं, पण चारीच्या तोंडाशी पाटकरी फळी लावून बसलेला. पाळी आल्याचा कागद घेऊन कुणी आलं की तो उठतो, फळी काढतो, वावरात पाणी जातं.”

“अगदी तेच, सहादेव!” सर मांडीवर थाप मारून म्हणाले. “फक्त इथे कागद घेऊन माणूस येत नाही. साखरच येते आणि पाटकऱ्याचा हात धरते.”

कलाबाई दारात बसून चंबूला दोरा बांधत होती. ती म्हणाली, “सर, आन् पाटकरी कामावरच नसला तर?”

“तर फळी उघडीच. रात्रंदिवस पाणी वाहणार. आहे ना तसाही जंतू. त्याच्या धाग्यावर पाटकऱ्याची कृतीच बिघडलेली आहे, त्यामुळे पाटकरी तयारच होत नाही. साखर असो नसो, हा आपला रस करत बसतो.”

ते दोन्ही जंतू सरांनी पुण्याहून मागवले होते. साधा तो एक नंबर, बिनपाटकऱ्याचा तो दोन नंबर. दोन नळ्या, दोन चिठ्ठ्या, कापसाचे बोळे. नळ्या दिसायला जुळ्या बहिणी.

प्रयोग असा की आधी साध्या जंतूला ग्लिसरीनवर वाढवायचं, दुधातली साखर अजिबात द्यायची नाही. मग त्यात टोल्युइनचे दोन थेंब टाकायचे, म्हणजे जंतूंची कातडी सैल होते, आणि वरून एक औषध. त्या औषधाला रंग नाही. पण आत तो पाचक रस असला तर औषध तुटतं आणि हळदीच्या पाण्यासारखं पिवळं होतं. अंगठ्याएवढी बाटली, परदेशातून आलेली, सर ती खिशात ठेवून हिंडायचे. साधा जंतू, साखर नाही, म्हणजे पाटकरी बसलेला, म्हणजे रस नाही, म्हणजे पाणी बिनरंगी. हे पहिलं पाऊल. मग पुढचा प्रबंध.

चैत्र लागला होता. सरांनी औषध घातलं आणि आमच्या डोळ्यांदेखत नळी पिवळीधमक झाली.

सरांनी परत केलं. पिवळी. चौथ्या दिवशी परत. पिवळी. पुण्याचे त्यांचे मार्गदर्शक आठवड्याने येणार होते. सरांची झोप उडाली. पाटकरी उठलाय म्हणजे साखर आली आहे. आपण तर घातली नाही. मग आली कुठून? निमसे सरांनी एका मिनिटात निकाल दिला.

“आली कुठून काय विचारता, वाकचौरे? चंबूतून आली. कालच्या चंबूत लॅक्टोज होतं, आज त्याच चंबूत तुम्ही ग्लिसरीन घातलं. पाण्याची टंचाई, बाईने दोनदा हिसळलं आणि ठेवून दिलं. सरळ आहे.”

वाकचौरे सर भला माणूस, पण बुडत होता. मान डोलावली त्यांनी. ते मला आजही टोचतं, आणि का टोचतं ते पुढे येईल.

दुसऱ्या दिवशी निमसे सरांच्या केबिनमध्ये कलाबाईला बोलावलं. मी रजिस्टर घेऊन उभा, वाकचौरे सर खिडकीपाशी. टेबलावर टाइप केलेला कागद, त्याच्या तळाला फूटपट्टीने मारलेली एक रेघ, शेजारी अंगठ्याची शाई.

“कलाबाई,” निमसे सर गोडीत म्हणाले, “चूक सगळ्यांची होते. ह्या कागदावर अंगठा करा, विषय संपला. फाइलला लावून टाकतो.”

कलाबाईने कागद उचलला. सरांना वाटलं उलटा धरील. ती चौथी शिकलेली होती हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. एकेका शब्दावर बोट ठेवत तिने मोठ्याने वाचला. “मी... काचसामान... निष्काळजीपणे धुतल्यामुळे... प्रयोग बिघडला... हे मला मान्य आहे. पुन्हा अशी चूक...” तिथे थांबली. कागद खाली ठेवला. शाईचा डबा बोटाने सरकवला आणि झाकण लावलं.

“मला सही येती, सर. पर ह्याच्यावर येत न्हाई.”

“अहो, साधा कागद आहे!”

“साधा हाय तर फायलीला कशाला लावताय? जूनला हीच फाइल उघडनार. पैल्याच पानावर माझ्या सहीनं लिवलेलं, की मी घान धुते. मंग मला कोन कायम करनार?”

“आणि सही नाही केली तर उद्यापासून येऊ नका. हेही साधंच आहे.”

निमसे सरांचा आवाज आता गोड नव्हता. पुढे त्यांच्या तोंडून निघून गेलं, “स्वच्छता ही शेवटी सवयीची गोष्ट असते, बाई. ज्याची त्याची घरची सवय.”

ते वाक्य कुठे जाऊन पडलं हे आम्हा चौघांना कळलं. मला वाटलं, ही आता रडेल नाहीतर निघून जाईल. ती टेबलाच्या आणखी एक पाऊल जवळ गेली.

“माझ्या घरची सवय सांगू? माझ्या घरी दुधाचं भांडं येगळं ऱ्हातं. हितंबी ठिवलंय. चला, दावते.”

आणि चालायला लागली. विभागप्रमुख तिच्या मागे, वाकचौरे सर त्यांच्या मागे आणि मी सगळ्यांच्या मागे. तिने दोन फळ्या दाखवल्या. लाल दोऱ्याची एक, साधी एक. दोन घंगाळी. दाण्यांच्या दोन वाट्या. वाकचौरे सर तोंडात बोट घालून बघत राहिले. रोज तिथून चंबू घेत होते, पण दोरा कशाचा हे विचारलं नव्हतं.

“साध्या फळीवरच्या एकाबी चंबूनं आजवर दुधाची साखर बघितलेली न्हाई,” ती म्हणाली. “येगळं ठिवायला कारन लागतं, सर. ह्याला कारन हाय. माझ्या कपाला नव्हतं.”

निमसे सर खाकरले. “हे तुम्ही म्हणता. पुरावा काय? जंतू तर सांगतोय की साखर मिळाली.”

“जंतू एवढंच सांगतोय की चारीची फळी उघडी हाय,” कलाबाई म्हणाली. “वाकचौरे सरांनीच सांगितलं हुतं चहाला. फळी दोन कारनांनी उघडी ऱ्हाती. एक तर साखर आली आन् पाटकरी उठला. न्हाईतर पाटकरी पैल्यापासनं कामावर न्हाईच. तुमी पैलं कारन धरून माझ्या नावानं कागद टाइप केला. दुसऱ्याकडं कुनी बघितलं?”

वाकचौरे सरांनी मान वर केली. त्या दिवसांत पहिल्यांदाच.

“स्टोअरात नव्या चंबूंची पेटी हाय,” ती बोलतच होती. “गवतात बांधलेली, कुनी हात न लावलेली. त्यातले दोन घ्या. वाकचौरे सरांनी सोताच्या हातानं धुवावे. माझ्या फळीवरले दोन घ्या. दोनी जंतू दोनी काचंत वाढवा. माझी काच घान असंल तर माझ्या काचंतले दोनीबी पिवळे होतील आन् नव्या काचंतला साधा जंतू पांढरा ऱ्हाईल. मंग सही करते. सही काय, सोताहून खडी फोडाया जाते.”

निमसे सर म्हणाले, “आता चंबू धुणारी बाई प्रयोग सांगणार?”

वाकचौरे सर म्हणाले, “सर, प्रयोग बरोबर आहे.” आवाज त्यांचा बारीकच होता, पण म्हणाले.

इथे माझं सांगतो. ती ‘पाटकरी पहिल्यापासून कामावर नाहीच’ म्हणाली तेव्हा माझी नजर नळ्यांच्या कपाटाकडे गेली होती. का ते मला अजून नीट कळलं नव्हतं, किंवा कळून घ्यायचं नव्हतं.

पेटी मी फोडली. वाकचौरे सरांनी बाह्या वर करून दोन नवे चंबू धुतले आणि सातऐवजी पाच पाण्यांतच दमले. कलाबाई कडेला उभी राहून म्हणाली, “सर, दोन दाने ऱ्हायले.” त्यांनी निमूटपणे ती दोन पाणीही घातली. तिने आपल्या फळीवरचे दोन आणले. चार चंबू, चारांत ग्लिसरीन, साखर कशातच नाही. एक नंबरचा जंतू एका नव्या आणि एका तिच्या काचेत, दोन नंबरचा तसाच. कडेकोट बोळे. निमसे सरांनी कपाटाला आपलं कुलूप लावलं. त्या महिन्यात नगरला जंतू उबवायची पेटी तापवायची गरजच नव्हती; कपाटात ठेवा, आपोआप उकडतात.

सकाळी दहाला सगळे जमलो. कलाबाई धुतलेलं पातळ नेसून आली होती. उत्तमराव पण आला होता, कमरेला पट्टा बांधून, बाहेर पायरीवर बसलेला. जर घालवलंच तर सोबत चालत जायला, असं मला नंतर म्हणाला.

वाकचौरे सरांनी चार नळ्या मांडल्या. टोल्युइन. थांबले. मग खिशातली ती बाटली काढून चारांत औषध घातलं. घड्याळ लावलं.

एक नंबरचा जंतू, कलाबाईच्या काचेतला: पिवळा व्हायला लागला.

निमसे सरांनी माझ्याकडे बघितलं, जसं काही मी पैज हरलो.

एक नंबरचा जंतू, नव्या काचेतला, सरांनी स्वतःच्या हाताने धुतलेल्या: तोही पिवळा. तितकाच पिवळा. हळद, नुसती हळद.

निमसे सरांची मान परत फिरली.

दोन नंबरचा जंतू, नव्या काचेतला: पांढरा. दोन नंबरचा, कलाबाईच्या काचेतला: पांढरा. पाच मिनिटं झाली, दहा झाली, अर्धा तास झाला. पांढरा म्हणजे पांढरा, स्वच्छ पाण्यासारखा.

“तिच्या चंबूत साखर असती तर हा पिवळा व्हायला हवा होता,” वाकचौरे सर स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. “आणि नव्या चंबूत साखर असणं शक्यच नाही, तरी हा पिवळा आहे. काचेचा ह्यात काही संबंधच नाही.” मग कपाळावर हात मारून, “पण हे उलटं कसं? पिवळा व्हायचा तो दोन नंबर. बिनपाटकऱ्याचा तो. तो शहाण्यासारखा गप्प बसलाय आणि साधा उधळलाय. उलटं कसं होईल?”

तेव्हा मी पुढे झालो.

“सर,” मी म्हणालो, “चिठ्ठ्या मी लावल्यात.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सांगणं भाग होतं. चिठ्ठ्या चिकटवायची खळ नेहमी गव्हाच्या पिठाची करायचो. त्या साली गहू कुठला? रेशनला मिलो, ती लाल अमेरिकन ज्वारी, जिची भाकरी घशाखाली उतरत नाही. घरात मिलोचं पीठ पडून होतं, म्हटलं खळीला तरी होईल. मिलोची खळ ती! ओली असेपर्यंत बरी दिसते, वाळली की तडकते. फाल्गुनात एका सकाळी कपाट उघडलं तर दोन्ही नळ्या उघड्याबोडक्या आणि दोन्ही चिठ्ठ्या खाली पडलेल्या. सरांना सांगितलं तर ओरडतील. नळ्या सारख्याच तर दिसतात, म्हणून मी अंदाजाने एक इकडे, एक तिकडे चिकटवून टाकली. परत मिलोचीच खळ लावून.

कलाबाईने पदर तोंडाला लावला आणि तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. हसत होती.

“सहादेवभाऊ, तुमी पाटकऱ्याची गोष्ट लई रंगवून सांगितली, आन् पाटकऱ्याची आदलाबदल तुमीच केली व्हय!”

वाकचौरे सरांनी त्या पांढऱ्या राहिलेल्या जंतूचा थेंब नव्या चंबूत घेतला आणि ह्या वेळी मुद्दाम दुधातली साखर घातली. बाईने लाल दोऱ्याचा चंबू दिला, साधा नाही, हे वेगळं सांगायला नको. दुपारी औषध घातलं. पिवळा! पाटकरी होता, जागेवर होता, साखरेने हात धरल्यावर उठला. हा खरा साधा जंतू. आणि त्या दुसऱ्याला पाटकरी कधी नव्हताच. आठवडाभर सर बिनपाटकऱ्याच्या चारीवर उभे राहून विचारत होते की फळी कुणी काढली.

सर इतके खूश झाले की कलाबाईपुढे हात जोडून उभे राहिले. “बाई, मी त्या दिवशी मान डोलावली. चुकलं माझं.” ती म्हणाली, “चुकलं खरं. चिठ्ठ्या आता गव्हाच्या खळीनं लावा.” माझ्या नावाने निमसे सरांनी तिथल्या तिथे मेमो काढला. मी मुकाट्याने सही केली. चूक खरी होती आणि कागदही खरा होता.

मग निमसे सरांनी आपल्या खणातून तो आधीचा कागद काढला. कलाबाईचा. फूटपट्टीची रेघ तळाला तशीच कोरी. घाम पुसत म्हणाले, “जाऊ द्या, कलाबाई. झालं गेलं. जूनला तुमच्या कामाचा शेरा मी चांगलाच लिहीन, हे घ्या वचन. हा कागद तुमच्यासमोर फाडून टाकतो, म्हणजे मिटलं. ठीक?” आणि दोन्ही हातांनी कागदाची वरची कड धरली.

कलाबाईने त्यांच्या हातावर नाही, कागदावर हात ठेवला. दारात उत्तमराव उभा होता, वाकचौरे सर होते, मी होतो. तिने दिलेलं उत्तर मला अक्षरन् अक्षर पाठ आहे, आणि त्यात मी आजवर एक शब्द इकडचा तिकडे केलेला नाही:

“फाडू नका, सर. फाडला तर तुमी काय लिवलं हुतं ते बी जाईल आन् मी काय न्हाई केलं ते बी जाईल. कागद ऱ्हाऊ द्या. त्याच्याच खाली लिवा, काच स्वच्छ हुती. आन् माझ्या सहीसाठी जी रेघ मारून ठिवलीय ना, तिच्यावर सही तुमी करा.”